नात्यांचा बांध



या लेखाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीने करणार आहोत. मुलांना रोज चुका दाखवणाऱ्यांनी कधीतरी आपलीही वही उघडून दाखवावी, असे आम्हाला वाटते.

वर्गात तास चालू होता. मागच्या बाकावरून पुढच्या बाकाकडे एक चिठ्ठी जाताना आम्ही पाहिली. ती काढून घेतली आणि "बघू या, एवढं महत्त्वाचं काय आहे," असे म्हणून मोठ्याने वाचली. एका मुलीने मैत्रिणीला लिहिले होते की, सुट्टीवर येणारे पप्पा आता येणार नाहीत, रात्री तसा फोन आला आणि आई स्वयंपाकघरात रडत बसली होती. पहिल्या वाक्याला वर्ग हसला. शेवटच्या वाक्याला एकदम गप्प झाला. पण तोपर्यंत आम्ही ते वाचून मोकळे झालो होतो.

तिचे वडील सैन्यात आहेत. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस वर्षातले बरेच महिने घराबाहेर असतो. हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. त्या क्षणी फक्त शिस्त आठवली.

मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. पण त्यानंतर कितीतरी आठवडे तिने वर्गात हात वर केला नाही. फळ्यापाशी बोलावले तर "येत नाही सर" एवढेच म्हणायची. तिला येत होते. तिचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता.

चिठ्ठी पाठवणे ही तिची चूक होती. ती काढून घेणे हा आमचा अधिकार होता. ती वाचणे हा मात्र आमचा अधिकार नव्हता. या तीन वाक्यांतला फरक समजून घेण्यासाठी आजचा हा पाठ आहे.

बांध म्हणजे भिंत नव्हे

माणसामाणसातल्या मर्यादेला हल्ली 'सीमा' असेही म्हणतात. पण सीमा म्हटले की आपल्याकडे सगळ्यांना दुसरेच काहीतरी आठवते. म्हणून आपण शेतातला शब्द घेऊ : बांध.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना बांध समजावून सांगायला नको. खाचरात पाणी उभे राहते ते बांधामुळे. बांध फुटला की पाणी जाते, पाण्याबरोबर माती जाते आणि रोप उघडे पडते. पण बांध म्हणजे भिंत नव्हे. बांधावरून दोघेही चालतात. बांधावरचे गवत कापले जाते. दुपारची भाकरी बांधावर बसून खाल्ली जाते आणि शेजारच्या शेतातल्याला "ये की, बस," अशी हाकही तिथूनच मारली जाते. बांध दोन शेते वेगळी ठेवतो आणि दोन शेतकऱ्यांना भेटायला जागाही देतो.

गावातली भांडणे कशावरून होतात तेही पाहा. कोणी एका रात्रीत दुसऱ्याचे शेत घेत नाही. दर वर्षी नांगराचे एकेक तास बांधात घुसते. याला 'बांध कोरणे' म्हणतात. काही वर्षांनी बांध नावालाच उरतो आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

नात्यांचेही असेच होते. एकदा वही न विचारता उघडली, एकदा सर्वांदेखत टोपणनावाने हिणवले, एकदा "नको" म्हणताना ऐकले नाही. प्रत्येक वेळी तास एकच असते. कोरला जातो तो बांध. म्हणून चांगल्या नात्यासाठी तीन गोष्टी लागतात : जवळीक, समजूत आणि मर्यादा. एक एक पाहू.

पहिली गोष्ट : जवळीक

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात आफ्रिकेतील युगांडा देशात आयांचे आणि तान्ह्या मुलांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातही त्यांनी असाच अभ्यास केला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांना या कामाने भक्कम आधार मिळाला. त्यातून निघालेली एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ज्या मुलाला आईचा भरवसा वाटतो ते आईला चिकटून बसत नाही. ते रांगत दूर जाते, खेळते, मध्येच मागे वळून पाहते आणि पुन्हा दूर जाते. भरवसा असला की मूल धीट होते.

आपल्याकडच्या जत्रेत हे कोणालाही दिसेल. ज्या लेकराला आजी 'इथेच बसल्येय मी' असे सांगते आणि खरोखर तिथेच बसते, ते लेकरू पाळण्याजवळ जाऊन येते. ज्याला 'सोडून जाईन हं' अशी भीती घातलेली असते, ते पदर सोडत नाही.

मोठ्या मुलांनाही हा भरवसा लागतो. त्यासाठी फार वेळ लागतो असे नाही, पण तो वेळ ठरलेला हवा. वडील परगावी असतील तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन आणि त्या फोनवर पहिला प्रश्न "किती मार्क पडले?" हा नको. "आज डब्यात काय होतं?" हा चालेल. ज्या घरात मुलाला फक्त मार्कांविषयी विचारले जाते, त्या घरात मार्क कमी पडले की मुलाकडे बोलायला काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट : समजूत

आपल्या भागातल्या माणसाला एक फायदा आहे. घरी मराठी आणि बाजारात कन्नड, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. कन्नड बोलणारा दुकानदार काही सांगू लागला की आपण किती कान देऊन ऐकतो! एखादा शब्द निसटेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघतो. नाही समजले तर "म्हणजे असं म्हणताय का?" असे विचारून खात्री करून घेतो. घरी मात्र आपण असे ऐकत नाही. मूल दोन शब्द बोलले की आपण तिसरा स्वतःच घालतो. आपल्याच भाषेत बोलते आहे, म्हणजे समजलेच, असे धरून चालतो. आपल्या माणसाचेही बाजारातल्यासारखे कान देऊन ऐकावे, एवढे जरी केले तरी अर्धी भांडणे होणार नाहीत.

ऐकून झाल्यावर बोलायचे कसे? अमेरिकेतील मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी यासाठी चार पायऱ्या सांगितल्या आहेत. काय घडले ते सांगा, आपल्याला काय वाटले ते सांगा, आपल्याला कशाची गरज आहे ते सांगा आणि मग विनंती करा. एक उदाहरण घेऊ.

मुलगा खेळून उशिरा घरी आला. आई म्हणते, "तुला घराची काही किंमतच नाही. बापासारखाच बेफिकीर!" यात घडले काय ते कुठेच नाही. मुलाच्या स्वभावावर ठपका आहे आणि जोडीला वडिलांवरही. मुलगा आता उशिराबद्दल बोलणार नाही, ठपक्याबद्दल भांडेल.

तीच आई असे म्हणू शकते : "सातला येतो म्हणालास, साडेआठ झाले. मला काळजी वाटली. वाटेत अंधार असतो, तू नीट आहेस हे मला कळायला हवं. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर कोणाच्या तरी फोनवरून कळवशील का?" हे बोलायला थोडा जास्त वेळ लागतो खरा, पण यात मुलाला उत्तर देता येते.

येथे एक गैरसमज दूर करू. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मुलाला राग का आला हे समजून घेऊनही "ताट आपटायचं नाही" हे सांगता येते. रागाला जागा द्यावी, ताट आपटण्याला देऊ नये.

तिसरी गोष्ट : मर्यादा

काही पालक म्हणतात, "आपल्या घरात कसला बांध? आपलीच तर मुलं." आम्ही त्यांना जुन्या घरांची आठवण देतो. माजघरात किंवा स्वयंपाकघरात येण्यापूर्वी घरातले वडीलधारे पुरुष बाहेरूनच खाकरत असत. "मी येतोय" एवढे आत कळावे, आतल्याला सावरायला अवधी मिळावा, एवढाच त्याचा अर्थ. घर त्यांचेच होते, तरी खाकरत. मर्यादा आपल्याकडे होतीच. ती मोठ्यांमोठ्यांत पाळली गेली, मुलांच्या बाबतीत मात्र आपण विसरलो.

कायद्यानेही आता हे मानले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला आणि १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला. त्याच्या १२ व्या कलमात मुलाचे मत ऐकून घेतले जाण्याचा हक्क आहे आणि १६ व्या कलमात मुलाच्या खासगीपणाचा, पत्रव्यवहाराचाही. म्हणजे आमची ती चिठ्ठी यातच येते. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

रोजच्या जीवनात या बांधाचे चार प्रकार दिसतात.

वस्तूंचा बांध. वही, दप्तर, डायरी, फोन. फोनबद्दल पालक नेहमी विचारतात, "मग तपासायचाच नाही का?" आमचे म्हणणे असे : लहान वयात देखरेख हवीच, पण ती सांगून करावी. फोन रात्री कुठे ठेवायचा, किती वेळ वापरायचा, कोणते ॲप चालेल, हे आधी बसून ठरवावे. मूल झोपल्यावर चोरून बघू नये. सांगून केलेल्या तपासणीने मूल चिडेल, पण चोरून केलेल्या तपासणीने ते लपवायला शिकेल.

शरीराचा बांध. पाहुणे आले की आपण म्हणतो, "मामांना पापी दे, लाजतेस काय?" मूल नको म्हणत असेल तर आग्रह करू नका. हात जोडून नमस्कार केला तरी मामांचा मान राहतो. जे मूल घरात "नको" म्हणू शकते, तेच मूल बाहेर वाईट स्पर्शालाही "नको" म्हणू शकेल. अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशी घटना कळली तर ती पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. 'घराण्याचे नाव जाईल' म्हणून गप्प बसणे हा अपराधाला हातभार आहे.

वेळेचा बांध. मुलांनो, हा तुमच्यासाठी. आई दिवसभर शेतात किंवा कामावर राबून येते, संध्याकाळी घटकाभर टेकते आणि तेव्हाच तुम्हाला हरवलेला मोजा आठवतो. आईलाही बांध आहे. खासगीपणा आपल्याला हवा आणि पप्पांचे पाकीट मात्र सगळ्यांचे, असे चालत नाही. बांध दोन्ही शेतांचा असतो.

"नाही" म्हणण्याचा बांध. दहावीच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी येतो. एक मुलगा मित्राला रोज गृहपाठाची वही देतो, परीक्षेत पेपर दाखवतो, कारण नाही म्हटले तर दोस्ती तुटेल. अशा मुलाने एवढे म्हणून पाहावे : "वही नाही देणार. पण शाळा सुटल्यावर अर्धा तास बस, मी समजावून सांगतो." यात नकार आहे आणि मैत्रीही आहे. जो मित्र या वाक्यावर तुटतो, तो वहीचा मित्र होता.

बांध कधी ओलांडावा?

शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली तर कोणी बांध बघत थांबत नाही. तसेच येथे. मूल जेवत नाही, झोपत नाही, एकटेच बसते, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलते, कोणी त्याला धमकावते आहे अशी शंका येते, तेव्हा खासगीपणाचा विचार मागे ठेवून मध्ये पडलेच पाहिजे. आधी मुलाला थेट विचारा. थेट विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खरी नाही. मदतीसाठी मुलांकरिता १०९८ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मनाच्या आजारांसाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मुलांनो, मैत्रिणीने "कुणाला सांगू नको" म्हणून असे काही सांगितले, तर हे एकच गुपित मोठ्या माणसाला सांगायचे असते. ती रागावेल, रागावू दे.

कडक की सैल?

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या. एक, धाकाने वाढवणारे : नियम भरपूर, संवाद नाही. दोन, मोकाट सोडणारे : लाड भरपूर, नियम नाही. तीन, नियम पक्के ठेवणारे पण त्यांची कारणे सांगणारे आणि मुलाचे ऐकून घेणारे. मुले जबाबदार आणि आत्मविश्वासू होतात ती बहुधा तिसऱ्या तऱ्हेच्या घरात, असे त्यांना दिसून आले. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या घरात भिंत आहे, दुसऱ्या घरात बांधच नाही आणि तिसऱ्या घरात बांध आहे, त्यावर बसून भाकरीही खाल्ली जाते.

बांध फुटला तर

बांध फुटला तर माती टाकून तो पुन्हा घालता येतो. जिथे फुटला तिथेच घालावा लागतो. आमच्याकडून चूक भर वर्गात झाली होती, म्हणून माफीही भर वर्गात मागायला हवी होती. हे कळायला आम्हाला बारा दिवस लागले, आणि त्यांतले बरेचसे दिवस 'शिक्षकाने माफी मागितली तर वर्ग डोक्यावर बसेल' या भीतीत गेले.

एका सोमवारी पहिल्या तासाला आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी दुसऱ्याची चिठ्ठी मोठ्याने वाचली. ते चूक होतं. मला तिचा अधिकार नव्हता. पुन्हा असं होणार नाही." नाव घेतले नाही. "पण चिठ्ठ्या पाठवणंही चूकच" हे वाक्य ओठावर आले होते, ते गिळले. माफीला 'पण' जोडला की ती माफी राहत नाही. वर्ग डोक्यावर बसला नाही. मुलगी खाली मान घालून बसली होती. ती काही बोलली नाही आणि आम्हीही तिच्याकडून काही अपेक्षा केली नाही.

तिने पुन्हा हात वर केला तो दिवाळीच्या सुट्टीनंतर. अजूनही ती पूर्वीइतकी मोकळी नाही. घातलेला बांध घट्ट व्हायला एकदोन पावसाळे जावे लागतात.

हा लेख छापण्याआधी आम्ही तो तिला आणि तिच्या आईला वाचायला दिला. ओळख पटू नये म्हणून इयत्ता आणि विषय लिहिलेले नाहीत. तिने लेख वाचून एक वाक्य खोडले. ते वाक्य येथे नाही.

विश्वस्तांना विनंती

पालकसभेत गुण सर्वांसमोर वाचून दाखवण्याची प्रथा बंद करून प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे पाच मिनिटे द्यावीत. मुलांना मोकळेपणी बोलता येईल अशी एक खोली आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावी. कार्यालयाबाहेर एक तक्रारपेटी लावावी आणि ती दोघांनी मिळून उघडावी. यातल्या पेटीलाच काय तो थोडा खर्च येईल. बाकीच्यासाठी वेळ हवा.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांसाठी :
१. या आठवड्यात आपण कोणाचा बांध कोरला? वहीत लिहा. ही वही आम्ही तपासणार नाही.
२. "नाही" म्हणायचे होते पण म्हणता आले नाही, असा एक प्रसंग आठवा. आता काय म्हणाल, ते एका वाक्यात लिहा.
३. घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा : "तुम्हाला आम्ही कधी त्रास देऊ नये असं वाटतं?" उत्तर मध्ये न बोलता ऐका.

पालकांसाठी :
१. एक दिवस मुलाच्या खोलीत किंवा कोपऱ्यात जाण्यापूर्वी हाक मारा. काय फरक पडतो ते पाहा.
२. मार्क, अभ्यास आणि फोन हे तीन विषय सोडून मुलाशी दहा मिनिटे बोला. जमले नाही तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बसा.
३. एखादी जुनी चूक मनात सलत असेल तर 'पण' न जोडता माफी मागा.

शिक्षकांचा स्वाध्याय आम्ही सोडवायला घेतला आहे. वर्गात पकडलेली चिठ्ठी आता न उघडता टेबलाच्या खणात ठेवली जाते आणि शाळा सुटल्यावर ज्याची त्याला परत मिळते. गेल्या काही महिन्यांत अशा चिठ्ठ्या बऱ्याच जमल्या. त्यांत काय लिहिले होते, ते आम्हाला माहीत नाही.